दोघींचं इरलं

मॅडमनी सांगितलं होतं, शिबिराला येताना प्रत्येकानं वायर आणायची. मी आणली. हिरवी आणि पिवळी, प्लॅस्टिकची, दोन मोठी बंडलं. भोरला मंगल कार्यालयाच्या ओट्यावर सगळ्यांनी आपापल्या पिशव्या उलट्या केल्या, तेव्हा बाकीच्यांच्या पिशव्यांतून तांब्याची, लोखंडाची, केसासारखी बारीक, करंगळीएवढी जाड अशी तार निघाली आणि माझ्या पिशवीतून निघाली ती आमच्या काळची वायरची पिशवी, फक्त अजून न विणलेली. पोरं हसली. मग आपण आजीला हसलो हे लक्षात येऊन एकदम गप्प झाली. हसण्याचं काही नाही, त्या गप्प होण्याचं मला वाईट वाटलं.

तरुणपणी मी असल्या पिशव्या विणायची. अख्ख्या इमारतीला पुरवल्या. एकीवर मोर काढला होता. सगळ्यांना तो कोंबडा वाटायचा आणि मी भांडायची, नीट पाहा, पिसारा आहे. तेव्हाच्या त्या माझ्यातल्या बाईला वाटायचं, आपण कलावंत. आज भेटली तर सांगेन, बाई गं, कोंबडाच होता तो.

ज्यांना माझं हे नवं खूळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सत्तरी ओलांडल्यावर मी पुण्यातल्या एका कलाशाळेत कापडकलेच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. वर्गात सगळी विशी-बाविशीची. लोकर, वाख आणि तार या तिन्ही गोष्टी एकत्र आणून काहीतरी करायचं, आणि ते आधी कुणी केलेलं नको, असा या सहामाहीचा विषय. त्यासाठी मॅडमनी दिवाळीनंतर भोर-वेल्ह्याकडं शिबिर काढलं. तिकडं बांधाबांधावर घायपात, त्याच्या पानातून वाख, म्हणजे दोर वळायचा तंतू, निघतो. भात काढून मोकळ्या झालेल्या खाचरांत कोकणात उतरणाऱ्या धनगरांचे तळ पडतात, तिथं लोकर मिळते. तार तेवढी घरून न्यायची होती. तिची मी काय गत केली ते वर सांगितलंच.

आई म्हणायची, आमची शकी नाव काढणार. शकीनं काढलं. चित्रकलेच्या कॉलेजात पहिलं वर्ष संपतं न संपतं तोच लग्न ठरलं आणि शकी स्वतः, गजरा माळून, ऑफिसात जाऊन नाव काढून आली. कुणी बळजबरी केली नव्हती. कारकुनानं विचारलं, कारण काय लिहू? तर लाजली. जशी काही पदवीच मिळाली होती.

या वेळीही नाव काढायचं ठरवूनच निघाले होते. शिबिर झालं की अर्ज द्यायचा. मुलाला फोनवर सांगूनही टाकलं. तो म्हणाला, ‘बरं झालं आई, उगाच दगदग.’ दगदग नव्हतीच. पोरं वाईट असती तर मी टिकले असते. ती चांगली आहेत. मी आले की खुर्ची देतात, पिशवी घेतात आणि चाललेल्या गप्पा थांबवतात. हजेरीत मॅडम एकेकाचं नाव घेतात आणि शेवटी म्हणतात, ‘आणि आजी.’ या शिबिरात काम जोडीनं करायचं होतं, आणि इथं जी जोडी जमेल तीच वर्षअखेरच्या प्रदर्शनापर्यंत राहणार होती. वर्गाची संख्या विषम. कोण उरणार हे सांगायला गणित लागत नव्हतं. ‘आजी, तुम्ही एकट्याच करा, तुमच्या वेगानं,’ मॅडम म्हणाल्या. इतक्या प्रेमानं म्हणाल्या की भांडताही येईना.

भोर

पोरं दोघं दोघं मोटारसायकलींवरून गेली. मला सामानाच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारची मानाची जागा होती. ती सोडून मी एसटी धरली. कंडक्टरनं विचारलं, ‘आजी, पंच्याहत्तर झाली का?’

‘चेहऱ्यावरून काय वाटतं?’

‘चेहऱ्यावरून फुकट,’ तो म्हणाला. ‘कार्डावरून बघू.’

कार्डावरून अर्धं तिकीट पडलं. अख्ख्या प्रवासात माझ्याशी बेधडक बोललेला तो पहिला माणूस.

मंगल कार्यालयात पोरांनी वरच्या हॉलमध्ये ओळीनं गाद्या घातल्या. मला खाली वेगळी खोली. दारावर पाटी, ‘वधूपक्ष’. आत पलंग, पंखा आणि भिंतभर आरसा. आरशाच्या कडेनं आधीच्या वधूंनी चिकटवून ठेवलेल्या टिकल्या होत्या. त्यातली एक मोठी लाल, खड्याची, काढून मी कपाळाला लावून पाहिली. थोडा वेळ बघितलं आणि होती तिथं परत लावून टाकली.

संध्याकाळी वरून हसण्याचा आवाज येत होता. कुणीतरी कुणाची नक्कल करत असावं, कदाचित माझीच. मी तेलाची बाटली घेऊन जिन्यापर्यंत गेले. कुणाचे गुडघे दुखत असतील तर लावा म्हणावं. चौथ्या पायरीवर डोक्यात उजेड पडला: विसाव्या वर्षी कुणाचे गुडघे दुखतात? तशीच मागं फिरले आणि स्वतःच्या गुडघ्यांना तेल लावलं.

आमचे हे मला कधी नावानं हाक मारत नसत. नुसतं ‘अगं’. मुलगा ‘अगं आई’ म्हणतो, नात ‘अगं आजी’. पण नुसतं ‘अगं’, पुढं कुठलं नातं न जोडलेलं, ते त्यांच्याबरोबर गेलं. तरुणपणी मला त्या ‘अगं’चा भारी राग. मी फणकारायची, मला नाव आहे. ते म्हणायचे, ‘माहीत आहे की. लग्नपत्रिकेत वाचलं होतं.’

आंबवडे

दुसऱ्या दिवशी आंबवड्याला. देवळाकडं जाताना ओढ्यावर एक जुना झुलता पूल आहे, तारेच्या दोरांवर पेललेला. मॅडमना तो पोरांना दाखवायचा होता. तार ओढली गेली म्हणजे काय होतं, ते पायाला कळावं म्हणून. पोरं एकदम गेली आणि मुद्दाम उड्या मारल्या. मी त्यांच्या मागून गेले. पुलाच्या मध्यावर पोचले तेव्हा ती पलीकडं उतरूनही गेली होती, आणि पूल अजून बारीक हलत होता. दुसऱ्यांच्या उड्या माझ्या तळपायाला लागत होत्या. मी कठड्याला धरून उभी राहिले. हळूहळू ते थांबलं. मग मी एक उडी मारली. लहानशी. कुणाला कळलं नाही.

घायपातीचा वाख काढायचा तर पानं पाण्यात कुजवावी लागतात. तो वेळ नव्हता म्हणून गावातून तयार वाख घेतला होता. पण मला धीर कुठला. बांधावरचं एक पान तोडून, दगडावर ठेचून, मी नखानं खरवडलं. तासाभरात दोन्ही हात कोपरापर्यंत लाल आणि खाज अशी की देवळातल्या घंटेला घासावेसे वाटले.

‘खोबरेल लावा आजी,’ तन्वी म्हणाली. उंच, केसांची एक बाजू भादरलेली, बोलायला फटकळ मुलगी. तिनं पिशवीतून बाटली काढून दिली आणि उभी राहिली. जायचं नाव घेईना.

‘काय गं?’

‘ती पिवळी वायर... काल हसलो ना आम्ही, म्हणून मागवेना. मला पाहिजे होती.’

मी अख्खं बंडल दिलं. तिनं बदल्यात लोखंडी तार दिली, बांधकामावर सळया बांधतात ती. माझी या सगळ्या शिबिरातली पहिली देवघेव. मग तिची जोडीदारीण सानिया हाक मारायला लागली आणि ती पळाली.

गुंजवणे

वेल्हे तालुक्याचं नाव आता बदललंय, राजगड म्हणायचं. पण गुंजवण्याची माणसं अजून कामाला वेल्ह्यालाच जातात. राजगडाच्या अगदी पायथ्याशी गाव. गड चढायला येणारे इथं घराघरांत उतरतात, तसे आम्हीही उतरलो. घराच्या मालकीणबाई सुनंदाताई. जेवायला नाचणीची भाकरी, घेवड्याची आमटी आणि नव्या तांदळाचा भात. पुण्यात मी पाहुण्याला ‘अजून थोडं?’ विचारते आणि तो नको म्हणाला की मनातून हुश्श करते. सुनंदाताई विचारतच नाहीत. ताटावर हात धरला तर हातावर वाढतात.

अंगणातून लांबवर धरणाचं पाणी दिसतं. मी म्हटलं, छान दिसतंय. सुनंदाताई भाकरी उलटत म्हणाल्या, ‘तितं माजं म्हायेर हुतं.’ ती भाकरी त्यांनी माझ्या ताटात टाकली.

त्यांच्या माळ्यावर एक जुनं इरलं अडकवलेलं होतं. भातलावणीला बायका पाठीवर घेतात ते बांबूच्या कामट्यांचं आणि पानांचं छप्पर. डोक्यापासून कमरेखाली येतं, वाकलं तरी पाठ कोरडी राहते. ‘आता कोन घेतंय,’ त्या म्हणाल्या, ‘आता प्लास्टिकचा कागद.’ ते पाहिलं आणि माझं ठरलं. लोकरीचं इरलं. सांगाडा तारेचा, कडा वाखाच्या. इरलं एकटीचंच असतं, म्हणून मला ते आणखी पटलं. एकटीनं करायचं काम, एकटीचंच करावं.

लोकर आणायला तन्वी माझ्याबरोबर आली, पोतं उचलायला मॅडमनी तिला जुंपलं होतं. खाली खाचरात धनगरांचा तळ होता. माणसं मेंढरं चारायला गेलेली. मागं राहिलेली एकच म्हातारी, पाय सुजल्यानं जागीच बसलेली, आणि जाळीखाली कोकरं. मी आपली अदबीनं उभी.

‘उबी का? बस की हितं,’ ती म्हणाली. बसले. ‘काय नाव तुजं?’

‘आजी म्हणतात.’

‘आजी तर मी बी हाय. ह्या कोकरांच्या आज्या बी हायेत तिकडं रानात. आईबापानं काय ठिवलं हुतं त्ये सांग.’

‘शकुंतला.’

‘म्हंजी शकू. मी हौसा.’ आणि तन्वीकडं हनुवटी करून, ‘ही नात व्हय?’

‘नाही, माझ्या वर्गातली.’

‘मंग मैतरीण म्हन की.’

तन्वी माझ्याकडं बघतच राहिली. ‘आजी, तुमचं नाव शकुंतला आहे?’

‘मग काय, बारशाला आजी नाव ठेवलं होतं?’

ती हसली, मग ओशाळली, आणि पोतं खांद्यावर मारून पुढं निघाली. मी मात्र बसले. हौसाबाईंनी शेळीच्या दुधाचा चहा केला. कप एकच, म्हणून स्वतः पातेल्याच्या झाकणातून प्यायल्या. आमच्याकडं नाव-गाव, नवरा, मुलं हे सगळं आधी आडून आडून काढून घ्यायचं असतं. इथं सरळ.

‘मालक हायेत?’

‘गेले.’

‘माजं बी. घोरायचं. लई घोरायचं. मी म्हनायची, एकदाचा डोळा लागंल मला कवातरी. आता समदं गप हाय तर डोळा लागत न्हाई.’ तिनं माझ्याकडं पाहिलं. ‘तुजं घोरायचं का?’

‘छातीवर पुस्तक ठेवून.’

‘मंग एकच,’ ती म्हणाली.

लोकरीचं फेल्ट करायचं म्हणजे पिंजलेली लोकर चटईवर आडवी-उभी पसरायची, कढत साबणाचं पाणी शिंपडायचं, चटई गुंडाळायची आणि दोघांनी दोन टोकांना धरून ती पुढं-मागं लाटत राहायची, तंतू एकमेकांत घट्ट अडकेपर्यंत. हे मला वर्गात शिकण्याआधी फार वर्षं येत होतं. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत यांचा एकुलता एक लोकरी स्वेटर मी सोडा घालून बंबाच्या पाण्यात उकळला आणि धोपटण्यानं बडवला. स्वच्छता म्हणजे स्वच्छता. तो शेजारच्या बाळाला नीट बसला. हे म्हणाले, ‘अगं, आता बाळही करायला हवं.’ तेव्हा मी रडले होते, गाढव कुठली. असं हाताशी आलेलं हसू रडण्यात घालवलं.

तो स्वेटर आठवून मी लोकर चांगली ऐसपैस पसरली. आटणारच आहे तर मोठं असू दे. सगळ्या जोड्या अंगणात लाटायला बसल्या होत्या. माझ्या चटईचं एक टोक मी लाटलं की दुसरं वाकडं पळायचं. दोनदा तन्वीनं मान वर करून पाहिलं. तिच्या आणि सानियाच्या हातात त्यांचं काम होतं. मी चटई पाठीवर मारली, पाण्याची किटली घेतली आणि खाली खाचरात गेले.

‘हौसाबाई, एक टोक धरा.’

‘ह्ये जेन करतीस व्हय? अगं, जेनी करनारं येगळं. मला न्हाई येत.’ अंथरायच्या लोकरीच्या फेल्टाला तिकडं जेन म्हणतात.

‘मलाही नाही येत. लाटा नुसतं.’

‘लाटायचं काम तुमा शेहरातल्या बायांचं. आमी थापतो.’ पण बसली, सुजलेला पाय लांब करून. तिला ताल नव्हता. मी पुढं ढकलायची तेव्हा तीही पुढं ढकलायची आणि चटई मधेच कमान करायची. मग तिनं जनावरांना घालतात तसली एक शीळ सुरू केली, एका शिळेला पुढं, एका शिळेला मागं. कोकरं कान टवकारून बघायला लागली. लाटता लाटता ती म्हणायची, ‘शकू, ओड. शकू, सैल सोड.’ माझं नाव दुपारभर त्या खाचरात इकडून तिकडं जात होतं. मी मधेच मुद्दाम चुकायची, आणखी एकदा ऐकू यावं म्हणून.

चटई उलगडली आणि मी कपाळावर हात मारला. लोकर घट्ट झाली होती, झकास झाली होती, पण आटली नव्हती. म्हणजे आटली थोडी, त्या स्वेटरासारखी नाही. दख्खनी मेंढीची लोकर भरड, केसाळ. तिला माझा स्वेटर कुठला ठाऊक. इरलं एका बाईला दीडपट झालं.

हौसाबाईनं ते उचलून अंगावर घेतलं, मग एक बाजू धरून म्हणाली, ‘ये आत.’ ओल्या मेंढीचा वास, साबणाचा वास. दोघी मावलो.

‘चुकलं गं,’ मी म्हटलं.

‘कुटं चुकलं? पुरतंय की.’

दुसऱ्या दिवशी तारेच्या सांगाड्यावर चढवून, कडा वाखानं आणि हिरव्या वायरीनं शिवून, मी ते तिला दाखवायला निघाले. अजून दोन दिवस आहे म्हणाली होती. खाचरात लेंड्या होत्या, तीन काळे दगड होते, जाळी टेकवली होती तिथं गवत दबलेलं होतं. बांधावरचा माणूस म्हणाला, ‘त्ये पहाटंच हाललं की. खाली कोकनात.’ सुजल्या पायानं कशी गेली, विचारलं तर म्हणाला, घोड्यावर बसवली असंल.

मी त्या दगडांपाशी बसले. समोर राजगड, मागं पाणी. इतक्या मोठ्या जागेत मी एवढं मोठं इरलं घेऊन बसलेली. फोन काढला आणि लक्षात आलं, कुणाला करणार. तिच्याकडं फोन आहे का तेही विचारलं नव्हतं. रात्री कुणाच्या घोरण्याशिवाय तिला झोप येत नाही एवढं मात्र मला माहीत होतं. मग परत आले.

शेवटच्या दिवशी सुनंदाताईंच्या खळ्यात सगळ्यांची कामं मांडली. गावातली माणसं आली. तन्वी-सानियानं तारेचं जाळं केलं होतं, त्यात लोकरीचे थेंब आणि मधूनच पिवळी वायर. फार सुरेख. माझं इरलं जमिनीवर टेकवून ठेवलं होतं. शेजारी कागदावर करणाऱ्यांची नावं लिहायची होती, ती मी लिहिली: शकुंतला, हौसा.

मॅडम वाकून वाचत होत्या. ‘आजी, मापात गडबड झाली का? इरलं तर एकीचंच असतं ना?’

‘हे दोघींचं आहे.’

‘दुसरी कोण?’

‘पुढं गेली.’

मॅडमनी पुन्हा कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि वही काढून त्यात काहीतरी लिहिलं. सुनंदाताई म्हणाल्या, ‘बसून तरी दावा की, कसं घ्येत्यात त्ये.’ मी आत शिरले आणि बसले. डावीकडची बाजू मोकळी, तिथून ऊन आणि माणसांचे पाय दिसत होते. मी उगाच त्या बाजूला हात टेकवून ठेवला.

पायांतले दोन पाय पुढं आले. तन्वी खाली वाकली, तोंड आत घातलं. ‘सरका ना,’ ती म्हणाली. मी सरकले. ती आत येऊन बसली, गुडघे पोटाशी घेऊन. उंच पोरगी, मावेना. ‘काय घाण वास येतोय,’ ती म्हणाली.

‘मेंढीचा आहे.’

‘अर्धा खोबरेलाचा आहे.’

बाहेर कुणीतरी हसलं. या वेळी गप्प झालं नाही. सानियाही आत यायला बघत होती. तिला म्हटलं, तू बस बाहेर, हे दोघींचंच आहे.

निघताना मोटारसायकली सुरू झाल्या होत्या, टेम्पो भरला होता. मॅडम मधोमध उभ्या राहून हजेरी घेत होत्या. एकेक जण ‘हजर’ म्हणत होता. ‘तन्वी.’ हजर. ‘सानिया.’ हजर.

‘शकुंतला.’

कुणी बोललं नाही. मीही मागं वळून पाहिलं, कोण राहिलं म्हणून. तेवढ्यात बरगडीत कोपर बसलं.

‘अगं,’ तन्वी म्हणाली, ‘तूच की.’